'मेंदूचा मधुमेह' : एका संज्ञेची चिकित्सा

१

शास्त्रीय विषयांवर मराठीत लिहिणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आरोग्यविषयक लेखनाचा तर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून आणि दवाखान्यांत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांतून सुकाळच झाला आहे. या लेखनातील शास्त्र बरोबर आहे की नाही हे वैद्यक जाणणारे पाहू शकतात, आणि अधूनमधून पाहतातही. त्यातील भाषा कोणी तपासावयाची हे मात्र ठरलेले नाही. वैद्यांना ते आपले काम वाटत नाही, आणि भाषाभ्यासकांना त्या लेखनात लक्ष घालण्याजोगे काही असेल असे वाटत नाही. परिणामी एखादी संज्ञा रूढ झाली की ती काय सांगते आणि न सांगता काय पदरात टाकते, याचा विचार न होताच ती घरोघर पोचते. अशाच एका संज्ञेचा आणि तिच्या जोडीने येणाऱ्या एका विशेषणाचा विचार येथे करावयाचा आहे. संज्ञा आहे 'मेंदूचा मधुमेह' आणि विशेषण आहे 'आनुवंशिक'. दोन्हींचा संबंध अल्झायमरच्या रोगाशी आहे.

या विचाराला निमित्त घडले ते पूर्णा येथील आमच्या नात्यातील एका घरात. माझे एक चुलते तेथील लोको शेडमध्ये नोकरीस होते. परभणी जिल्ह्यातील हे जंक्शन. मनमाड–सिकंदराबाद मार्गाला अकोल्याकडून येणारा मार्ग येथे मिळतो. काकांची सत्तरी उलटल्यावर विस्मरण वाढत गेले, घराचा रस्ता चुकू लागला, आणि यथावकाश डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान केले. पुढे कोणीतरी एक पत्रक घरी आणून दिले. त्यात हा रोग म्हणजे 'मेंदूचा मधुमेह' होय आणि तो 'आनुवंशिक' असू शकतो, अशा आशयाचा मजकूर होता. काकांच्या रक्तातील साखर प्रत्येक तपासणीत प्रमाणातच आढळली होती. तरीही पत्रक वाचल्यापासून त्यांच्या चहातील साखर बंद झाली. आयुष्यभर गोडाचा सोस केला त्याचे हे फळ, असेही घरात बोलले गेले. काही महिन्यांनी नातीची सोयरीक ठरत आली असता वरपक्षाने 'हे तुमच्या घराण्यातच आहे काय?' अशी पृच्छा केली. त्यानंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही.

घरातील मंडळींनी किंवा वरपक्षाने शब्दांचा अर्थ चुकीचा लावला, असे म्हणता येत नाही. शब्दांनी जे सांगितले तेच त्यांनी ऐकले. म्हणून दोष वाचकाच्या अज्ञानावर ढकलण्याऐवजी शब्दांचीच तपासणी करणे न्याय्य होईल. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. वैद्यकातील जे निष्कर्ष पुढे येतील ते प्रकाशित संशोधनावरून घेतलेले आहेत, आणि त्यांचा उपयोग शब्दांचे माप घेण्यापुरताच केला आहे.

२

या रोगाला मराठीत नाव नव्हते असे नाही. लोकभाषेत 'म्हातारचळ' हा शब्द आहे, आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. या दोहोंत विस्मरणाचे कारण वय हेच मानले आहे. वय झाले की असे व्हावयाचेच, या समजुतीने रोग्याला दोष लागत नाही हे खरे. परंतु रोग हा रोग आहे हेही त्यामुळे ध्यानात येत नाही. वेंधळेपणाला हसण्यात पहिली काही वर्षे निघून जातात, आणि डॉक्टरांकडे जाणे लांबते.

ग्रंथभाषेतील रूढ शब्द 'स्मृतिभ्रंश'. हा शब्द निर्विकार वाटतो, परंतु त्याची पूर्वपीठिका तशी नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो एका साखळीचा दुवा म्हणून आला आहे. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, तेथून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश, अशी ती परंपरा आहे. म्हणजे तेथे स्मृतिभ्रंश हा संयम सुटल्याचा परिणाम ठरतो. चरकसंहितेत धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्माला 'प्रज्ञापराध' म्हटले आहे. त्या शब्दात अपराध उघडच आहे. आजचा लेखक 'स्मृतिभ्रंश' लिहिताना हे मनात आणीत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या समाजात गीतेचे पठण घरोघर होते त्या समाजात हा शब्द कोऱ्या पाटीवर उमटत नाही.

येथे एका मराठी कलाकृतीचा उल्लेख आवश्यक वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या 'अस्तु' या चित्रपटात एका वृद्ध संस्कृत पंडिताला हा रोग जडलेला आहे. ती भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे. हा पंडित रस्त्यातील हत्तीच्या मागोमाग निघून जातो आणि माहुताची कन्नड बोलणारी बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. हे कोणामुळे झाले, असा प्रश्न त्या बाईला पडत नाही. मुलीला मात्र अनेक प्रश्न पडतात, कारण ती मुलगी आहे. चित्रपटाने दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कुटुंबाला कारण हवे असते आणि ते त्याला मिळालेही पाहिजे. आक्षेप आहे तो कारणाच्या नावाखाली दोषी पुरविण्याला.

'म्हातारचळ' वयाला दोषी धरतो; 'स्मृतिभ्रंश' आपल्या पूर्वेतिहासामुळे आचरणाकडे बोट दाखवितो. नव्या लेखनातून आलेल्या दोन शब्दांनी हीच वहिवाट पुढे चालविली आहे. 'मेंदूचा मधुमेह' तोंडावर ताबा नसल्याचे सुचवितो आणि 'आनुवंशिक' हा कुळाला डाग लावतो.

३

'मधुमेह' या शब्दाची व्युत्पत्ती प्रथम पाहू. संस्कृतातील 'मिह्' या धातूवरून 'मेह' शब्द आला. त्याचा संबंध मूत्रविसर्जनाशी आहे. ज्यात मूत्र मधासारखे होते तो मधुमेह. हे नाव लक्षणाचे आहे, कारणाचे नाही. या अर्थाने 'मेंदूचा मधुमेह' ही शब्दरचना अक्षरशः घेतल्यास हास्यास्पद होते. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नसतात, म्हणून हा आक्षेप गौण मानू. आज मराठवाड्यात सामान्य माणूस 'मधुमेह' असे क्वचितच म्हणतो. 'शुगर आहे' किंवा 'साखरेची बिमारी आहे' असे म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी मधुमेह म्हणजे साखर. 'मेंदूचा मधुमेह' हे शब्द कानी पडताच तो 'मेंदूत साखर झाली' असा अर्थ करतो, आणि साखर झाली तर साखर बंद करावी, हा पुढचा विचार ओघानेच येतो. पूर्ण्यातील चहाची कथा हीच.

या संज्ञेचा मूळ उगम इंग्रजीतील 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' या शब्दप्रयोगात आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील सुझॅन डी ला माँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतील इन्सुलिनविषयक घटकांचा अभ्यास प्रसिद्ध करताना तो सुचविला. मधुमेहाच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला या अर्थाने स्थान मिळालेले नाही. तो एक गृहीतक सुचविणारा शब्द होता. मराठीत येताना त्याच्याभोवतीची अवतरणचिन्हे गळाली आणि गृहीतकाचे निदान झाले.

त्या गृहीतकात तथ्य किती? ते कमी नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरोंटो येथे लागला. ते स्वादुपिंडात तयार होते आणि रक्तातील साखर पेशींत नेण्यास मदत करते, एवढेच त्याचे कार्य म्हणून पुष्कळ काळ सांगितले जाई. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे ग्राही आढळले आणि मेंदूत इन्सुलिनचे काय काम, हा प्रश्न उभा राहिला. मेंदूतील पेशी साखर घेतात ती बहुतांशी इन्सुलिनच्या मदतीवाचून. तेथे इन्सुलिन मुख्यतः निरोप्याचे काम करते. चेतापेशींमधील जोडण्या टिकविणे आणि शिकणे व स्मरण यांना उपकारक अशी स्थिती राखणे यांत त्याचा भाग असतो. हा निरोप पोचला म्हणजे पेशीतील एका विशिष्ट विकराला आवर बसतो. तो आवर सुटला तर 'टाऊ' नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा अतिरेकी भार चढतो. अशा टाऊच्या गुंतवळी हे अल्झायमरच्या मेंदूचे एक लक्षण आहे. दुसरे लक्षण म्हणजे अमिलॉइडचे थर. इन्सुलिनचे विघटन करणारे विकर अमिलॉइडचेही विघटन करते, हा दोहोंमधील आणखी एक दुवा होय.

या संदर्भात २०१२ मध्ये कॉनराड टॅल्बट, स्टीव्हन आर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींना त्यांनी इन्सुलिन देऊन पाहिले. अल्झायमरच्या रोग्यांच्या ऊतींचा प्रतिसाद निरोगी माणसांच्या ऊतींपेक्षा स्पष्टपणे क्षीण होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने मर्माची गोष्ट अशी की, ज्यांना मधुमेह नव्हता अशा रोग्यांतही हे आढळले. म्हणजे मेंदूतील पेशींनी इन्सुलिनला प्रतिसाद न देणे ही घटना अंगात मधुमेह नसतानाही घडू शकते. हाच निष्कर्ष 'मेंदूचा मधुमेह' या संज्ञेखाली सांगितला की वाचकाच्या मनात नेमका उलटा होऊन बसतो.

मधुमेह आणि विस्मरणाचा रोग यांचा संबंध निराळ्या मार्गानेही दिसून आला आहे. रॉटरडॅम येथील लोकसमूहाच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींत डिमेन्शियाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. मग मधुमेह हेच मूळ मानावे काय? 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये, बदलता येण्याजोग्या १४ घटकांचा एकत्रित वाटा सुमारे ४५ टक्के असल्याचा अंदाज दिला. त्यात मधुमेहाचा वाटा २ टक्के, बालपणीच्या अपुऱ्या शिक्षणाचा ५ टक्के, आणि कमी ऐकू येण्याचा ७ टक्के धरला आहे. हे अंदाज साऱ्या जगाच्या लोकसंख्येचे आहेत. एखाद्या व्यक्तीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि संज्ञेने मधुमेहाला दिलेले स्थान आणि या अंदाजातील स्थान यांतील अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

आपल्या देशातील आकडेही हेच बजावतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के आढळले. पहिल्या पाहणीत केवळ अल्झायमर नव्हे तर सर्व प्रकारचा डिमेन्शिया मोजला आहे आणि दोन्हींचे वयोगट भिन्न आहेत, म्हणून या तुलनेवर फार भार टाकता येणार नाही. परंतु डिमेन्शिया हा मधुमेहाचाच अवतार असता तर चित्र असे उलटे का दिसावे, एवढे विचारण्यापुरती ती पुरेशी आहे.

उपचारांचा अनुभवही सावधच करतो. नाकावाटे इन्सुलिन देण्याच्या लहान प्रयोगांतून प्रथम आशा निर्माण झाली होती. सुझॅन क्राफ्ट यांच्या नेतृत्वाखाली २८९ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या औषधाच्या अल्झायमरवरील दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यांतही रोगाची वाटचाल मंदावली नाही. यावरून इन्सुलिनचा विचारच टाकून द्यावा असे निष्पन्न होत नाही. पण 'मधुमेह' म्हटले की मधुमेहाचे औषध लागू पडेल, ही जी आशा संज्ञा लावते तिला आज आधार नाही.

४

आता 'आनुवंशिक' या विशेषणाकडे वळू. या एका शब्दात मराठीने तीन भिन्न गोष्टी कोंबल्या आहेत. जनुकातून निश्चितपणे उतरणारा रोग, जनुकामुळे वाढणारा संभव, आणि घराण्यात वारंवार दिसणारी कोणतीही गोष्ट, अशा त्या तीन होत.

पहिल्या अर्थी आनुवंशिक म्हणावा असा अल्झायमर आहे. ठरावीक तीन जनुकांपैकी एखाद्यात बिघाड असलेल्या कुटुंबांत तो चाळिशी-पन्नाशीतच प्रकट होतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. परंतु अशा रोग्यांचे प्रमाण एकूण रोग्यांत १ टक्क्याहूनही कमी मानले जाते. सत्तरीनंतर विस्मरण सुरू झालेल्या पूर्ण्याच्या काकांचा या प्रकाराशी संबंध असण्याचे कारण दिसत नाही.

उतारवयातील रोगाशी निगडित असे सर्वांत परिचित जनुक म्हणजे १९ व्या गुणसूत्रावरील एपीओई. त्याची दोन, तीन आणि चार अशी प्रमुख रूपे आहेत. चौथ्या रूपाचा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिला. युरोपीय वंशाच्या लोकांत हे रूप एका पालकाकडून आले तर रोगाचा संभव सुमारे तिप्पट होतो, दोघांकडून आले तर आठ ते बारा पट, असे साधारणतः सांगतात. पण ते असूनही रोग न होणारे पुष्कळ आहेत आणि ते नसताना रोग होणारेही पुष्कळ आहेत. शिवाय हे प्रमाण लोकसमूहागणिक बदलते. हरियाणातील बल्लभगड येथील भारत-अमेरिका अभ्यासाच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथील लोकांत चौथ्या रूपाची वारंवारता ०.०७ होती, तर पेनसिल्व्हेनियातील तुलनेच्या समूहात ती ०.११ होती. ज्यांच्याकडे ते होते त्यांच्यात रोगाशी असलेला संबंध मात्र दोन्हीकडे सारखाच आढळला. परदेशी आकडे घेऊन मराठी घराण्याचे भविष्य वर्तविणे किती धाडसाचे आहे, हे यावरून दिसून येईल.

जनुक आणि इन्सुलिन या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग नाहीत, हे तर अधिकच बोलके आहे. होनोलुलू येथील जपानी वंशाच्या पुरुषांच्या २००२ मधील अभ्यासात, मधुमेह आणि चौथे रूप ही दोन्ही ज्यांच्याकडे होती त्यांच्यात अल्झायमरचा संभव दोन्ही नसणाऱ्यांच्या ५.५ पट दिसला. २०१७ मध्ये मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, चौथ्या रूपाचे प्रथिन इन्सुलिनच्या ग्राहींना पेशीच्या आतच अडकवून ठेवते, त्यामुळे बाहेर आलेला निरोप घ्यावयास ते पृष्ठभागावर नसतात. म्हणजे 'आचरणाचा' म्हणून सांगितलेला रोग आणि 'कुळाचा' म्हणून सांगितलेला रोग हे पेशीच्या पातळीवर एकाच उंबरठ्यावर येऊन भेटतात. मराठी पत्रके मात्र त्यांना दोन स्वतंत्र आरोप म्हणून वाचकापुढे ठेवतात.

तिसऱ्या अर्थाचा उलगडा पुण्याच्या एका संशोधनाने होतो. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या काही खेड्यांतील माता आणि बालके यांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु पुण्याची बालके स्नायूंनी जितकी कृश होती तितकी चरबीने नव्हती. 'कृश पण मेदयुक्त' असे त्यांचे वर्णन केले गेले. गरोदरपणी मातेच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक असेल तर मुलाच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी असतो, असेही २००८ मध्ये त्यांनी नोंदविले. या बालकांच्या वृद्धापकाळाविषयी त्यावरून काही सांगता येत नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. आपल्या मुद्द्याला त्याचा उपयोग एवढाच की, आईकडून मुलाकडे जे येते ते सारे जनुकातून येत नाही. काही गर्भाशयातील पोषणातून येते, आणि काही घरच्या ताटातून आणि शाळेतून. मराठीतील 'आनुवंशिक' हा शब्द या साऱ्यावर एकच शिक्का मारतो, आणि ज्यात बदल करता आला असता तेही अटळ करून ठेवतो.

५

येथवर नामांचा विचार झाला. परंतु वाचकाची फसगत नामांइतकीच व्याकरणातून होते. या लेखनात पुढील धाटणीची वाक्ये नेहमी आढळतात. 'मधुमेहामुळे स्मृतिभ्रंश होतो.' 'हे जनुक असलेल्यांना अल्झायमर होतो.' यांतील 'मुळे' या शब्दयोगी अव्ययात 'मूळ' आहे. दोन गोष्टी एकत्र आढळतात, इतकेच ज्याविषयी ठाऊक आहे त्याला 'मुळे' लावणे म्हणजे फांदीला मूळ म्हणणे होय. 'होतो' हा साधा वर्तमानकाळ नित्य घडणाऱ्या गोष्टींचा आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहते, हे जनुक असलेल्याला अल्झायमर होतो. तिन्ही वाक्यांची ठेवण एकच असल्यामुळे तिन्हींची निश्चितीही वाचकाला एकच वाटते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. सामान्य वाचकाला सोपे आणि ठाम वाक्य हवे असते. संभवाची भाषा त्याला पेलत नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप मराठी बोलणाऱ्यांना न ओळखणाऱ्याचा आहे. परभणी जिल्ह्यातील शेतकरी 'मृग बरसला म्हणजे पीक येते' असे कधी म्हणत नाही. तो 'मृग साधला, पुढे पावसाने दगा दिला नाही आणि किडीने सोडले, तर पदरात काही पडेल' असे म्हणतो. एका वाक्यात तीन अटी आणि निष्कर्ष भविष्यकाळात! संभवाचे इतके सूक्ष्म व्याकरण ज्याच्या तोंडी रोज आहे, त्याला ते पेलत नाही असे पत्रक लिहिणाऱ्याने ठरवावे हे विचित्र आहे.

शब्दांचीही उणीव नाही. 'धोका' हा शब्द संकटाचा आहे. त्याच्या पाठोपाठ भय येते. त्याऐवजी 'जोखीम' हा व्यापारातील शब्द अधिक नेमका आहे. जुन्या सावकारी व्यवहारात 'जोखमी हुंडी' असे. रवाना केलेला माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे देणे लागू होई. जोखीम म्हणजे देणे नव्हे. घडले तर येणारा भार, आणि न घडण्याचा संभव गृहीत धरूनच केलेला व्यवहार. एपीओईच्या चौथ्या रूपाचे स्वरूप असेच आहे. ते घेऊन जन्मलेला माणूस रोगाचा ऋणको नव्हे.

'इन्सुलिन-प्रतिरोध' ही संज्ञा शास्त्रीय लेखनात राहू द्यावी. तिच्यात पेशीने हेतुपूर्वक विरोध केल्याचा भास होतो, परंतु पारिभाषिक शब्दाला एवढे क्षम्य असते. सामान्यांसाठी लिहिताना मात्र मराठीत हाताशी असलेला वाक्प्रचार का वापरू नये? रोग औषधाला दाद देत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. तसेच 'या रोगात मेंदूतील पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत' असे म्हटले तर त्यात साखर येत नाही, गोडाचा सोस येत नाही, आणि जे आढळले आहे ते सारे येते.

तेव्हा सूचना अशा. एक, 'मेंदूचा मधुमेह' ही संज्ञा सामान्यांसाठीच्या लेखनातून वगळावी. दोन, 'आनुवंशिक' हे विशेषण एका जनुकातून निश्चित उतरणाऱ्या विरळ प्रकारापुरते राखावे; इतरत्र 'जनुकीय जोखीम' म्हणावे, आणि ती जोखीम कोणत्या लोकसमूहात मोजली हेही सांगावे. तीन, कार्यकारणभाव प्रस्थापित झालेला नसेल तेथे 'मुळे' न लिहिता 'सोबत आढळतो' किंवा 'संभव वाढतो' असे लिहावे.

६

दुसऱ्यांच्या भाषेची अशी झडती घेतल्यावर ती आपल्या शास्त्राचीही घेतली पाहिजे. भाषाभ्यासकांना प्रिय झालेला एक निष्कर्ष हैदराबादचा आहे. निजाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रोग्यांच्या अभ्यासात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांना द्विभाषिकांत डिमेन्शियाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. निरक्षरांतही हा फरक होता, म्हणून केवळ शिक्षणाने त्याचा उलगडा होत नव्हता. पूर्ण्याच्या माणसाला हे वाचून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. काका घरी मराठी बोलत, शेडमध्ये दखनी उर्दू आणि सिकंदराबादच्या लोकांशी तेलुगू. पण हा अभ्यास रुग्णालयात आलेल्यांचा आहे, आणि लोकसमूहाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या इतर काही अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. तेव्हा 'दोन भाषांमुळे स्मृतिभ्रंश टळतो' असे वाक्य आम्ही लिहिले, तर वर ज्यांना दोष दिला त्यांच्याच पंगतीला आम्ही बसू. शिवाय काकांना तीन भाषा येत होत्या, आणि रोग व्हायचा तो झालाच.

त्या घरी मी पुढे चार ओळी लिहून पाठविल्या. काकांना मधुमेह नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून चहात साखर घालण्यास हरकत नसावी, असे त्यांत लिहिले. डॉक्टरांनी होकार दिला आणि साखर पुन्हा सुरू झाली. दुसरे असे लिहिले की, इंजिनांच्या गोंगाटात उमेद घालविलेल्या माणसाचे कान एकदा तपासून घ्यावेत. ते दहा वर्षे कमी ऐकत होते, आणि ते वयाच्या खाती लिहून टाकलेले होते. साखर सर्वांनी मिळून काढली, पण कानांकडे कोणी पाहिले नव्हते, कारण पत्रकाच्या मथळ्यात कान नव्हते. श्रवणयंत्राने काकांची स्मृती परत आली नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. नातवंडांचे बोलणे मात्र त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागले. मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही.

आपल्या विभागात दरवर्षी प्रबंधिकांसाठी विषय शोधले जातात. एखाद्या विद्यार्थ्याने एकाच रोगाविषयीची मराठी पत्रके जमवावीत, त्यांतील संज्ञा वेगळ्या काढाव्यात, आणि परभणी-पूर्ण्याच्या दहा-वीस घरी जाऊन प्रत्येक संज्ञेचा अर्थ विचारावा. लिहिणाऱ्याने काय लिहिले आणि वाचणाऱ्याने काय वाचले, यांतील अंतर अशा रीतीने मोजून मांडता येईल. असे काम वैद्यक विभाग करणार नाही. ते आपलेच आहे.